काँग्रेस गवत: फुलायच्या आधीचा एक महिना

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

  

आज सुरुवातीलाच एक छोटं काम देतो. बसमध्ये असाल तर खिडकीबाहेर बघा, घरी असाल तर उद्या सकाळी बघा. रस्त्याची कड, दुभाजक, रेल्वे रुळांची बाजू, कुणी तरी विकत घेऊन तसाच सोडून दिलेला प्लॉट. गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं आणि वर साबुदाण्याएवढी पांढरी फुलं. सापडलं? पावसाळ्यात हा भाग ऐकत असाल तर पाच मिनिटंसुद्धा लागणार नाहीत.

हेच ते. कुणी याला गाजरगवत म्हणतं, कुणी काँग्रेस गवत, कुणी चटकचांदणी. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. आपण हे इतकं बघतो की आपल्याला ते दिसायचंच बंद झालंय. मलाही दिसत नव्हतं. माझ्या मामामुळे दिसायला लागलं. म्हणून आधी मामाची गोष्ट सांगतो, मग या झाडाची.

मामाचं गाव पुरंदर तालुक्यात. थोडी अंजिराची झाडं, बाकी घेवडा, वाटाणा, कांदा. मी सातवी-आठवीत असताना मामाच्या पापण्या सुजायला लागल्या. सुरुवातीला सगळे म्हणाले, जागरण झालं असेल, कांद्याला पाणी द्यायला रात्रीची लाइट असते ना. मग मान काळवंडली. कोपराच्या आतल्या घडीत चिरा पडल्या. रात्र-रात्र खाजवत बसायचा. पावसाळ्यात वाढायचं, थंडीत जरा उतरायचं, पुन्हा पावसाळा आला की परत तेच. तालुक्याच्या गावातून मलमं आणली, कुणी काढा दिला, कुणी देवाला नवस बोलायला सांगितलं.

आणि मग गावात कुजबुज सुरू झाली. चेहऱ्याची कातडी जाड झालेली, काळी पडलेली, त्यामुळे लोकांना वाटलं महारोग आहे. तोंडावर कुणी बोललं नाही. पण पारावर मामा बसला की शेजारचा माणूस काही तरी काम आठवून उठायचा. मामीला हळदीकुंकवाची बोलावणी कमी झाली. मामेबहिणीच्या स्थळांची बोलणी दोनदा मध्येच थांबली. कारण कुणीच सांगितलं नाही, आणि सगळ्यांना माहीत होतं.

चार वर्षांनी पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या त्वचा विभागात त्याला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी परत बोलावलं आणि पट्ट्या काढून बघितलं. एका पट्टीखाली कातडी लालभडक झाली होती. त्यांनी विचारलं, "शेताच्या बांधावर पांढऱ्या फुलांचं काँग्रेस आहे का हो?"

मामा हसला. म्हणाला, "कुठं नाही ते विचारा, डॉक्टर."

गवत नाही, आणि गोष्टही तशी नाही

आता झाडाकडे येऊ. पहिली गोष्ट, हे गवत नाहीच. गवत म्हणजे ज्वारी, बाजरी, ऊस, मारवेल यांचं कुळ. गाजरगवत हे सूर्यफुलाच्या, झेंडूच्या, शेवंतीच्या कुळातलं. मूळ गाव मेक्सिकोचं आखात आणि आसपासचा अमेरिकेचा उष्ण भाग.

मग इथे कसं आलं? ही गोष्ट तुम्ही व्हॉट्सअॅपवर नक्की वाचली असेल. भारतात धान्याचा तुटवडा होता, अमेरिकेने पीएल-४८० नावाच्या योजनेतून गहू पाठवला, त्या गव्हात हे बी होतं, तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं म्हणून नाव पडलं काँग्रेस गवत. दुसरे सांगतात की पांढऱ्या फुलांमुळे गांधी टोपी घातल्यासारखं दिसतं म्हणून हे नाव. नावाचं खरं-खोटं काही असो, गोष्ट ऐकायला मस्त आहे. यात खलनायक आहे, जहाज आहे, सरकार आहे.

पण तारखा बघा. पीएल-४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा. त्याखाली भारताचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये या झाडाची भारतातली नोंद प्रसिद्ध केली तीही १९५६ मध्येच. झाड दिसलं होतं त्याच्या आधी, आणि कुठे? आपल्या पुण्यात. कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवर तर ते १९५१ मध्येच दिसल्याचं सांगितलं जातं. म्हणजे करारावर सही व्हायच्या आधी पाहुणे घरात आलेले होते.

याच्याही पुढची गंमत. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. तिथे या झाडाचा एक नमुना १८८० सालचा निघाला. इंग्रजांच्या काळातला!

मग गव्हाचा काहीच संबंध नाही का? असंही म्हणता येत नाही. १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला वीस लाख टन धान्यासाठी कर्ज दिलं होतं. त्या धान्याबरोबर बी येणं सहज शक्य आहे. नंतर पीएल-४८० च्या गव्हाने, रेल्वेने, गोदामांनी ते देशभर पसरवायला हातभार लावला असेल. योगायोग बघा, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हे झाड पहिल्यांदा नोंदलं गेलं १९५५ मध्ये. तिथे दुसऱ्या महायुद्धात आलेल्या अमेरिकी यंत्रसामग्रीवर संशय घेतला जातो. नंतर १९६० च्या सुमाराला तिथेच टेक्सासहून आणलेल्या कुरणाच्या गवताच्या बियाण्यातून ते पुन्हा आलं. एक झाड, दोन देश, जवळजवळ तीच वर्षं.

मी हे एवढं का सांगतोय? कारण "अमेरिकेने दिलं" हे एकदा म्हटलं की आपण मोकळे होतो. पण सत्तर वर्षांपूर्वी कुणी आणलं यावरून तुमच्या सोसायटीच्या गेटपाशी ते यंदा का उगवलं, याचं उत्तर मिळत नाही. त्या उत्तरासाठी झाडच बघावं लागेल.

एका झाडाचा हिशोब

पाऊस पडला. मातीतलं बी रुजलं. पहिले काही आठवडे हे झाड उंच वाढतच नाही. मुळ्याचा पाला जमिनीवर पसरावा तशी पानांची एक गोल चकती जमिनीला चिकटून पसरते. तिच्याखाली दुसऱ्या कुठल्या रोपाला उजेडच मिळत नाही. म्हणजे जागा आधीच अडवून ठेवली, बसच्या सीटवर रुमाल टाकतात तशी.

मग मधून दांडा निघतो, फांद्या फुटतात आणि फुलं येतात. रुजल्यापासून फुलं यायला परिस्थिती चांगली असेल तर चार ते सहा आठवडे. साधारण एक महिना! हा महिना लक्षात ठेवा, आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

ज्याला आपण एक पांढरं फूल म्हणतो तो खरं तर फुलांचा बारीकसा गुच्छ असतो, आणि त्यात साधारण पाच बिया धरतात. पाचच! पण असे गुच्छ हजारो. एका मोठ्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया होतात. समजा वीस हजार धरू. त्यातल्या शंभरात एकच जगली. म्हणजे दोनशे झाडं. त्या दोनशेंनी प्रत्येकी वीस हजार बिया दिल्या की झाल्या चाळीस लाख. आणि याला ठरावीक हंगाम नाही. ओल मिळाली की वर्षभरात कितीही पिढ्या. कालव्याच्या कडेला, ठिबकच्या नळीखाली, गळक्या टाकीपाशी मे महिन्यातही ते फुललेलं दिसतं.

बी इतकं हलकं आणि बारीक की वारा नेतो, पाणी नेतं, ट्रॅक्टरच्या टायरचा चिखल नेतो, बांधकामाची माती भरलेला डंपर नेतो. मातीत खोल गाडलं गेलेलं बी काही वर्षं जिवंत राहतं. म्हणून कधी जेसीबीने जमीन उकरली की तिसऱ्या आठवड्यात तिथे हिरवंगार दिसतं, आणि आपल्याला वाटतं हे कुठून आलं. तिथेच होतं ते. आपण त्याला वर काढलं.

आता त्याचं रसायन. या झाडाच्या पानांवर, दांड्यावर बारीक लव असते. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. पानं गळली, मुळं कुजली की ही द्रव्यं मातीत उतरतात आणि शेजारच्या रोपांचं रुजणं, वाढणं रोखतात. कडधान्यांच्या मुळांवर नत्र धरून ठेवणाऱ्या गाठी असतात, त्याही कमी होतात. बंगळूरच्या संशोधकांनी तर १९८० च्या आसपास दाखवलं की याचे परागकण दुसऱ्या पिकांच्या फुलांवर पडले तर त्या पिकांची फळधारणासुद्धा कमी होते. म्हणजे मुळापासून फुलापर्यंत सगळीकडून शेजाऱ्याशी भांडण.

शेतकरी मित्रांना हे सांगायची गरज नाही. भारतातल्या अभ्यासांमध्ये पिकाचं उत्पादन ४० टक्क्यांपर्यंत आणि चराऊ जमिनीवरचा चारा ९० टक्क्यांपर्यंत घटल्याच्या नोंदी आहेत. हे सगळ्यात वाईट परिस्थितीतले आकडे आहेत, प्रत्येक शेतात असं होत नाही. पण चाऱ्याचं गणित समजून घ्या, कारण तिथेच या झाडाची खरी चलाखी आहे.

माळरानावर पवन्या असतो, मारवेल असतं, कुसळी असते. गुरं, शेळ्यामेंढ्या हे गवत खातात. गाजरगवत कडू, त्याला तोंड लावत नाहीत. म्हणजे जनावर जितकं जास्त चरेल तितकं गवत कमी होणार आणि तितकी गाजरगवताला जागा मोकळी होणार. मग उरलेल्या थोड्या गवतावर तीच सगळी जनावरं. पुन्हा जागा मोकळी. दोन-चार वर्षांत माळ हिरवा दिसतो आणि धनगराची मेंढरं उपाशी असतात. भुकेपोटी किंवा चाऱ्यात मिसळून पोटात गेलंच तर दूध कडवट होतं, जास्त गेलं तर जनावर आजारी पडतं. गवताबरोबर त्या माळावरचे चंडोल, गवताच्या बुडाशी घरटं करणारे इतर छोटे पक्षी, किडे यांचंही घर जातं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय हिरवंगार आहे!

मामाला काय झालं होतं

हेच पार्थेनिन मामाच्या कातडीशी भांडत होतं. पुण्यात या झाडामुळे होणाऱ्या त्वचारोगावर डॉक्टरांनी १९६० च्या दशकाच्या शेवटापासून लिहिलंय. म्हणजे झाड पसरलं आणि दहा-पंधरा वर्षांत रुग्ण दिसायला लागले. आज भारतात वनस्पतींमुळे होणाऱ्या त्वचेच्या अॅलर्जीचं सगळ्यात मोठं कारण हेच मानलं जातं.

मामा म्हणायचा, "मी तर त्याला हातच लावत नाही, मग चेहऱ्यावर कसं?" याचं उत्तर हवेत आहे. वाळलेल्या झाडाचा चुरा, ती बारीक लव, परागकण वाऱ्यावर उडतात आणि जी कातडी उघडी असते तिथे बसतात. म्हणून पापण्या, मान, कान, कोपराची घडी. झाड बांधावर, त्रास तोंडावर.

सगळ्यांनाच होतं का? नाही. बरेच लोक आयुष्यभर यात काम करतात, काही होत नाही. पण वर्षानुवर्षं संपर्क आला की काहींचं शरीर एके दिवशी ठरवतं की हा शत्रू आहे. आणि एकदा ठरवलं की सहसा विसरत नाही. काहींना शिंका, सर्दी, दमा असाही त्रास होतो. तुमच्या घरात कुणाला दरवर्षी पावसाळ्यात असं होत असेल तर मेडिकलमधून मलम आणून वर्ष काढू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, पॅच टेस्टबद्दल विचारा.

आणि एक वाक्य मी मुद्दाम हळू म्हणतो. हा आजार संसर्गजन्य नाही. शेजारी बसून होत नाही, चहा पिऊन होत नाही, लग्न करून होत नाही. त्या चार वर्षांत मामाला कातडीने जेवढं छळलं, त्यापेक्षा जास्त पारावरून उठून जाणाऱ्या माणसांनी छळलं. एवढं एक वाक्य गावात कुणाला माहीत असतं तर बरंच काही वाचलं असतं.

आमचं श्रमदान

आता माझी कबुली. मामाचं निदान झालं त्याच वर्षी आमच्या शाळेत काँग्रेस निर्मूलनाचा कार्यक्रम झाला. शाळेचं नाव सांगत नाही, कारण अशा शाळा शंभर असतील. महिना सप्टेंबर. झाडं कमरेएवढी, फुलांनी पांढरी झालेली. आम्ही साठ-सत्तर पोरं, उघड्या हातांनी, अर्ध्या बाह्यांचे शर्ट. मोठ्या जोशात उपटत होतो. कवेत घेऊन, अंगाला घासत, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेत होतो. दुसऱ्या टोकाला ढीग केला, ढिगापुढे फोटो काढला, वडापाव खाल्ला आणि घरी गेलो.

त्या दिवशी आम्ही काय केलं? एक तर सत्तर पोरांना तो चीक आणि ते परागकण फासले. दुसरं म्हणजे बी धरलेली झाडं मैदानभर फिरवून पेरणी केली. पुढच्या जूनमध्ये पूर्ण मैदान भरलं. पूर्वी फक्त एका बाजूला होतं. मी मोठ्या अभिमानाने मामाला तो फोटो दाखवला होता. मामा फोटोकडे बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "हातात काही घातलं नव्हतं का रे?"

मेहनत खरी होती, हेतू चांगला होता. वेळ चुकली होती. दीड महिना आधी हेच काम अर्ध्या कष्टात झालं असतं, आणि एक बी पडलं नसतं.

भुंगा आणि टाकळा

"पण मग याला खाणारा किडा नाही का?" हा प्रश्न इन्स्टावर दोघा-तिघांनी विचारलाय. आहे. मेक्सिकोत या झाडाला खाणारे बरेच कीटक आहेत, म्हणूनच तिथे ते एवढं माजत नाही. त्यातला एक भुंगा, झायगोग्रामा बायकोलोराटा, बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी आणला, तपासला आणि १९८४ मध्ये सोडला. पिवळसर पांढरा, पाठीवर गडद तपकिरी रेघा, तुरीच्या दाण्याएवढा. त्याची अळी आणि तो स्वतः, दोघंही पानं खातात. दहा वर्षांत तो बंगळूरच्या आसपास दोन लाख चौरस किलोमीटरमध्ये पसरला. आता महाराष्ट्रातही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये चाळणी झालेलं गाजरगवत दिसलं तर वाकून बघा, तो सापडेल. त्याला मारू नका, आपला माणूस आहे.

मध्ये त्याच्यावर एक बालंट आलं होतं. कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला आणि शेतकरी घाबरले. साहजिक आहे, दोन्ही झाडं एकाच कुळातली. चौकशी झाली. संशोधनात असं दिसलं की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडले होते आणि त्यामुळे तो तिथे चरत होता. नंतर त्याला क्लीन चिट मिळाली.

पण भुंगा सगळं संपवत नाही. कोरड्या आणि थंड दिवसांत तो मातीत झोपतो, पाऊस आला की उठतो. झाडाला मात्र गळका नळ पुरतो. शिवाय भुंग्यांची संख्या वाढेपर्यंत बरीच झाडं फुलून गेलेली असतात.

दुसरा मदतनीस आपल्या ताटातला आहे. टाकळा! विदर्भ-मराठवाड्यात तरोटा म्हणतात तो. पहिल्या पावसानंतर कोवळ्या टाकळ्याची भाजी करतात बघा. हा टाकळा दाट उगवतो आणि गाजरगवताच्या चकतीला उजेडच मिळू देत नाही. जबलपूरला तण संशोधन संचालनालय आहे, तिथले शास्त्रज्ञही हा उपाय सुचवतात. हिवाळ्यात टाकळ्याच्या शेंगा वाळतात तेव्हा बी गोळा करायचं आणि पावसाच्या तोंडावर त्या जागेत फेकायचं. झेंडूही चालतो.

यातला धडा साधा आहे. गाजरगवताला उघडी, उकरलेली, रिकामी जमीन लागते. दाट गवत असलेल्या माळात त्याला सहज शिरता येत नाही. उपटून जागा मोकळी सोडली तर ते परत येणारच. तिथे दुसरं काही तरी उगवायला हवं.

मग आपण काय करायचं?

पाच गोष्टी सांगतो. स्क्रीनशॉट काढा.

एक. वेळ. पहिला चांगला पाऊस झाला की दोन-तीन आठवड्यांनी फेरी मारा. जमिनीला चिकटलेल्या चकत्या दिसतील. माती ओली असते, मुळासकट अलगद निघतात. नुसतं वरून कापू नका, बुडातून परत फुटतं. तीन आठवड्यांनी दुसरी फेरी, कारण सगळं बी एकदम रुजत नाही. सरकारी पातळीवर दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताह असतो. चांगली गोष्ट आहे, पण तुमच्याकडे पाऊस जूनमध्येच आला असेल तर ऑगस्टची वाट बघू नका.

दोन. अंग झाकून. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला. ज्याला अॅलर्जी, दमा आहे त्याने या कामाला जायचंच नाही. लहान मुलांना तर अजिबात लावू नका. आणि तुम्ही मजुरीने काम करून घेत असाल तर हातमोजे देणं ही तुमची जबाबदारी आहे. आपल्याकडे खुरपणी बहुतेक बायका करतात, उघड्या हातांनी. दिवसाच्या मजुरीत त्यांची कातडी धरलेली नसते.

तीन. फुलं नसलेलं झाड खतात चालतं. नाडेपच्या टाक्यात, खड्ड्यात, शेणाबरोबर थर देऊन टाका. फुलं आली असतील तर खतात नाही, कारण ते खत तुम्ही शेतभर पसरवणार आहात. अशी झाडं जागच्या जागी पिशवीत भरा, ओढत नेऊ नका, आणि खोल खड्ड्यात वरून माती टाकून पुरा.

चार. माती बघून घ्या. सोसायटीच्या बागेत माती, शेणखत, मुरूम येतो तो कुठून येतो ते विचारा. टाकल्यावर महिनाभर त्या जागेवर लक्ष ठेवा. शेतात हार्वेस्टर किंवा भाड्याचा ट्रॅक्टर आला तर आत यायच्या आधी टायर आणि खालचा भाग झाडून घ्या. क्वीन्सलँडमध्ये गाड्या आणि यंत्रं धुवायला खास जागा केल्यात, याच झाडामुळे. आपल्याकडे निदान एक झाडू तरी चालेल.

पाच. फुलवाल्याकडचा गुच्छ. गुलाबांच्या मध्ये भरीला पांढरी बारीक फुलं असतात ना? बहुतेक वेळा ती जिप्सोफिला असते, पण स्वस्तातल्या गुच्छात मी गाजरगवतही पाहिलंय. पानं बघा. गाजरासारखी दिसली तर वाढदिवसाच्या माणसाच्या नाकाशी नेऊ नका.

जालन्याहून एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली होती: "दादा, रीलमध्ये दाखवतात की मिठाचं पाणी मारलं की दोन दिवसांत जळतं. खरं का?" खरं आहे. पाण्यात पंधरा-वीस टक्के मीठ घालून फवारलं की पानं जळतात. फूटपाथच्या फटीत, जिथे काही उगवायचंच नाही, तिथे ठीक. पण शेतात, बांधावर, झाडांच्या बुडाशी नको. मीठ मातीत राहतं आणि नंतर तुमचंच पीक रडतं. तणनाशक वापरायचं असेल तर कुठलं, किती आणि कोणत्या पिकात हे कृषी सहायकांना विचारूनच. दुकानदाराच्या अंदाजावर नको.

आणि कायद्याचं म्हणाल तर शेजारच्या कर्नाटकाने १९७५ मध्येच या झाडाला घातक तण म्हणून जाहीर केलं होतं. पन्नास वर्षं झाली. तिथेही ते आहे. कायद्याला वाकून झाड उपटता येत नाही.

शेवटी

मामा आता कसा आहे, हे विचारणारच तुम्ही. बरा आहे. पूर्ण बरा नाही. औषधं चालू असतात, पावसाळ्यात डोक्याला उपरणं, पूर्ण बाह्या, आणि वारा सुटला की तो घरात बसतो. शेत आता मामेभाऊ बघतो. मामेबहिणीचं लग्न झालं, मुलगा शेतकरी घरातलाच, आणि त्याने पहिल्याच भेटीत मामाच्या शेजारी बसून चहा घेतला होता. मामी ती गोष्ट अजून सांगते.

दरवर्षी जूनच्या शेवटी आम्ही भावंडं दोन दिवस तिथे जातो. हातमोजे घालून बांधावरून चकत्या काढतो. मामाला ओट्यावरून उठू देत नाही, तो तिथून ओरडून सूचना देतो. पाचव्या वर्षी बांधावर टाकळा दाट झाला, आणि आता दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात होतं. संपलंय का? नाही. शेजारच्या पडीक रानातून बी उडून येतंच. पण आमच्या बांधावर ते फुलत नाही. आम्ही फुलूच देत नाही.

तुमचं काम तेच, सुरुवातीला दिलेलं. उद्या बाहेर पडाल तेव्हा बघा. फक्त बघून सोडू नका, एक गोष्ट मोजा: किती झाडांना अजून फुलं आलेली नाहीत? जेवढी आली नाहीत तेवढी संधी अजून तुमच्या हातात आहे. फोटो पाठवा, कुठल्या भागातला ते लिहा. आणि घरात कुणाची पापणी दर पावसाळ्यात सुजत असेल तर हा भाग त्यांना ऐकवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हातमोजे घाला!